आमचे तारमास्तर काका

निरोप्याचा धंदा हा जगांतील अत्यंत जुन्या धंद्यांपैकीं एक असूनही त्याची वाखाणणी मात्र फारशी कोणीं केलेली नाहीं. विजयाची वार्ता आणणाऱ्या दूतास राजानें गळ्यांतला कंठा काढून दिल्याच्या कथा आपण वाचतों. परंतु मृत्यूची वार्ता घेऊन जो आला त्याला काय मिळालें, याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. ग्रीक शोकनाटकांत मृत्यु सहसा प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडत नाहीं. तो रंगभूमीबाहेर घडतो, आणि एक निरोप्या येऊन तो कसा घडला तें सांगतो. या निरोप्याला नाटककारानें बहुधा नांवसुद्धां दिलेलें नसतें. आपलें काम करून तो निघून जातो, आणि मागें उरलेल्यांच्या आक्रोशांत त्याची आठवण कोणास राहत नाहीं. कॉलेजांत हीं नाटकें शिकवितांना आम्हांस या निनांवी निरोप्याविषयीं नेहमींच एक प्रकारची आपुलकी वाटत आली आहे. कारण उघड आहे. आमच्या घरांत असा एक निरोप्या होता. ते आमचे सर्वांत धाकटे चुलते, भाऊकाका. १९६६ पासून २००७ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षें, त्यांनीं तारखात्यांत नोकरी केली. आणि २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यांत, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, ते एकाएकीं गेले.

आजच्या तरुण वाचकांस 'तार' या शब्दांत काय भरलेलें होतें हें थोडें सांगावें लागेल. हिंदुस्थानांत सामान्य लोकांकरितां तारेची सोय १८५० नंतरच्या दशकांत झाली, आणि १४ जुलै २०१३ रोजीं शेवटच्या तारा स्वीकारून ती बंद करण्यांत आली. या दीडशेंहून अधिक वर्षांत तारेनें नोकरीचे हुकूम गेले, परीक्षांचे निकाल गेले, बाजारभाव गेले, लग्नाचीं अभिनंदनें गेलीं. शुभेच्छांकरितां तर खात्यानें ठराविक वाक्यें तयार करून त्यांस अनुक्रमांक दिले होते. नुसता आंकडा सांगितला कीं काम झालें. परंतु मध्यम स्थितींतील घरांत आणि खेड्यापाड्यांत एवढें सगळें कोण लक्षांत घेतो? दारांत "तार!" अशी आरोळी उठली कीं चुलीपुढची बाई कपाळाला हात लावून खालींच बसे. कागद उघडण्याआधींच रडें सुरू होई, आणि उघडल्यावर मुलगा पास झाल्याचें कळून तीच मंडळी रडतां रडतां हंसूं लागत, असे प्रसंग भाऊकाका रंगवून सांगत. तार ही दर शब्दाला पैसे मोजून पाठवावयाची वस्तु. ज्याला शब्द परवडत नसत तो मनुष्य मरणावांचून दुसऱ्या कशासाठींही ती करीत नसे, हें या भीतीचें साधें कारण.

भाऊकाका आमच्याहून बावीस वर्षांनीं मोठे. आमचे वडील घरांतले थोरले व हे शेंडेफळ. त्यामुळें ते आम्हांस चुलते कमी आणि वडील बंधु अधिक होते. शरीरानें किरकोळ, चालणें भरभर, बोलणें मोजकें. "शब्दाला पैसे पडतात," असें ते थट्टेनें म्हणत व खरोखरच तसें बोलत. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला मात्र क्षणाची विश्रांति नसे. जेवतांना पाटाच्या कडेवर, देवळांत खांबावर, वर्तमानपत्र वाचतांना खुर्चीच्या हातावर तें सारखें वाजत असे. लहानपणीं आम्हांस झोंप येईना तर ते आमच्या पाठीवर तारेचीं अक्षरें वाजवीत व ओळखावयास सांगत. इंग्रजी लेखनांत 'ई' हें अक्षर सर्वांत अधिक लागतें, म्हणून त्याला एकच टिंब; 'टी' ला एकच रेघ; जें अक्षर क्वचित् लागतें त्याचीं चिन्हें अधिक. ज्याची गरज नेहमींची त्याची वाट जवळची, या तत्त्वावर ती लिपि रचलेली आहे, हें आम्हांस भाषाशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाआधीं त्यांच्या बोटानें शिकविलें. आम्हीं पाठीवर ओळखलेला पहिला अखंड शब्द 'सेफ' हा होता. आठ टिंबें आणि दोन रेघा.

हाच शब्द प्रथम कां, यालाही इतिहास आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनानगरचा भूकंप झाला. दीडशेंहून अधिक माणसें त्यांत मेलीं, आणि पाटणच्या खोऱ्यांत घरें जमीनदोस्त झालीं. भाऊकाका त्या वेळीं वीस वर्षांचे. नोकरीस दोन वर्षेंही पुरीं झालेलीं नव्हतीं, आणि नेमणूक कराडच्या तारघरांत. त्या भागांतले किती तरी पुरुष मुंबईच्या गिरण्यांत कामाला होते. भूकंपाची बातमी मुंबईस पोहोंचतांच तेथून विचारणांचा लोंढा सुरू झाला : घर कसें, आई कशी, ताबडतोब कळवा. इकडून जाणाऱ्या उत्तरांत बहुतेकांच्या वांट्याला हा एकच शब्द होता. काका सांगत, "अरे, त्या दोन दिवसांत मी 'सेफ' इतक्या वेळां वाजवला कीं झोंपेंतसुद्धां बोट तेंच वाजवी. पण मधूनच असा एखादा फॉर्म समोर येई, कीं त्यांत तो शब्द नसे." असा फॉर्म आला कीं आपला हात आपोआप सावकाश होई, असेंही ते म्हणत. यंत्राला त्याचा काय उपयोग, असें आम्हीं एकदां विचारलें. ते म्हणाले, "यंत्राला नाहीं. पलीकडं लिहून घेणारा माणूस असतो."

भाऊकाकांचा सगळा स्वभाव या एका उत्तरांत आहे. यंत्राच्या पलीकडचा माणूस त्यांना एकेचाळीस वर्षांत कधीं विसरतां आला नाहीं.

मृत्यूच्या किंवा गंभीर दुखण्याच्या तारेला इतर तारांच्या आधीं वाट देण्याचा नियम होता, आणि ती ओळखूं यावी म्हणून तिच्यावर दोन फुल्यांची खूण असे. एवढा भाग खात्याच्या नियमाचा. त्या तारेंत काय लिहावें, हा प्रश्न मात्र नियमाचा नव्हता. खेड्यांतून एस. टी. नें आलेला मनुष्य खिडकीशीं उभा राहून म्हणे, "मुंबईला पोराला कळवायचं. बाप गेला." फॉर्म बहुधा भाऊकाकाच भरीत. अशा वेळीं लिहावयाचें एक वाक्य सर्वत्र रूढ होतें, आणि आमच्या वाचकांपैकीं जे पन्नाशीच्या पुढें आहेत त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं तें एकदां तरी आलेलें असेल : 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' इकडे बाप गेलेलाच असे. तारेंत तो अत्यवस्थ असे. तेरा टिंबें आणि पांच रेघा यांत मावणारा 'सीरियस' हा शब्द मरणाचें टोपणनांवच होऊन बसला होता. घेणाऱ्यासही तें ठाऊक असे. तरी तो त्या शब्दाचा कोशांतला अर्थ धरून गाडी पकडी, आणि सबंध रात्र गाडीच्या बांकावर एका 'कदाचित्' च्या आधारानें बसून काढी. घराचा कोपरा दिसेपर्यंत त्याच्या मनाची निम्मी तयारी झालेली असे. उरलेली निम्मी तयारी कोणाचीच कधीं होत नाहीं.

याहूनही आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो त्यांनीं तार वाटणाऱ्या शिपायांस घालून दिलेला पाठ. दोन फुल्यांची तार असली तर दारांतून आरोळी ठोकावयाची नाहीं. सायकल लांब लावावयाची. ओट्यावर बसून आधीं पाणी मागावयाचें. पाणी आणावयास कोण उठतें यावरून घरांत कोण आहे तें कळतें. बाई एकटी असली तर काहीं निमित्तानें शेजारच्या घरीं जाऊन शेजारणीस बोलावून आणावयाचें. पाणी पिऊन झालें, भांडें खालीं ठेवलें, समोरचें माणूस बसलें, म्हणजे मग खिशांतून कागद काढावयाचा. "त्यांना वाटतं आपण तहानलेले आहों," काका म्हणत, "वाटूं द्यावं. पण तेवढ्यानं ते माणूस बसतं, आणि जवळ कुणीतरी येतं."

असत्य तें असत्यच, असें म्हणणारे नीतिवादी आमच्या ओळखीचे आहेत, आणि एम्. ए. च्या वर्गांत असतांना आम्हीही सुटींत घरीं येऊन काकांशीं या विषयावर वाद घातलेला आहे. परोपकाराच्या हेतूनेंही खोटें बोलण्याचा अधिकार मनुष्यास नाहीं, असें प्रतिपादन करणारा कांटचा १७९७ चा निबंध त्या वेळीं आमच्या हातीं होता. काकांनीं कांट वाचलेला नव्हता. पण अयोध्याकांड त्यांच्या कानांवरून गेलेलें होतें. दशरथाच्या मृत्यूनंतर भरताला केकय देशाहून आणण्याकरितां वसिष्ठांनीं दूत धाडले, तेव्हां रामाचा वनवास आणि राजाचा मृत्यु या दोन्ही गोष्टी भरतास कळूं देऊं नका, अशी त्यांना स्पष्ट आज्ञा होती. इकडे राजाचा देह तेलाच्या द्रोणींत ठेवलेला. भरतानें घरच्या सर्वांचें कुशल विचारलें. दूतांनीं तें आहे असें सांगून त्वरा करण्याची विनंति केली. आणि वाटेंत सात रात्रीं काढून तो अयोध्येस आला. "'स्टार्ट इमिजिएटली' ही पहिली तार वसिष्ठांनीं केली," असें काका म्हणत. "त्यांची चूक एवढीच झाली कीं पुढचं काम कैकेयीवर राहिलं." तें खरेंच आहे. बाप गेल्याचें भरताला तिनें सांगितलें, आणि ऐकतांच तो जमिनीवर कोसळला. दूत वाट संपेपर्यंत बरोबर होते, पण जेथें त्यांची गरज होती त्या घटकेला जवळ कोणी नव्हतें.

धर्मराजाच्या अर्धसत्याशीं या रूढीची गल्लत कोणीं करूं नये. तें वाक्य एका बापाच्या हातांतलें शस्त्र गळावें म्हणून उच्चारलेलें होतें, आणि म्हणूनच धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला असें महाभारतकार सांगतात. काकांचा शब्द मुलाच्या पायांतलें बळ टिकावें म्हणून होता. शेक्सपियरच्या 'मॅक्बेथ' मध्यें मॅकडफचीं बायकामुलें मारलीं गेल्याची वार्ता घेऊन रॉस येतो. तीं कशीं आहेत, असें मॅकडफ विचारतो, आणि रॉस प्रथम तीं बरीं आहेत असेंच म्हणतो. वर्गांत हा प्रवेश आला कीं कोणीतरी विद्यार्थी विचारतोच, कीं हा मनुष्य खोटें कां बोलला? त्या वेळीं आम्ही मुलांना स्कॉटलंडांतून काढून घटकाभर साताऱ्याच्या तारघरांत नेतों.

बातमी आणि वेळ यांचा संबंध आपल्या शास्त्रकारांनींही ओळखलेला होता. सुतक मृत्यूच्या क्षणाबरोबरच वार्ता कानीं पडण्याच्या क्षणावरही अवलंबून आहे. दहा दिवसांच्या आंत कळलें तर उरलेले दिवस पाळावयाचे. त्यानंतर जसजसें उशिरां कळेल तसतसें तें कमी होत जातें, आणि फारच उशिरां कळलें तर नुसत्या स्नानानें भागतें. "शास्त्रकारांनीं टपालाचा उशीर आधींच हिशेबांत धरला होता," अशी काकांची यावरची टीका असे. पण त्यांतला मर्मार्थ त्यांना पूर्ण पटलेला होता. मनुष्य मरतो एकदां. परंतु त्याच्या माणसांच्या लेखीं तो ज्याला ज्या घटकेला कळतें त्या घटकेला मरतो. ती प्रत्येक घटका कोणाच्या तरी हातीं असते, आणि एकेचाळीस वर्षांत अशा हजारों घटका आमच्या काकांच्या हातून गेल्या.

काळाबरोबर खातें बदलत गेलें. यंत्राचा कडकट्ट आवाज बंद होऊन टेलिप्रिंटर आले; १९८५ सालीं टपाल आणि तार यांची फारकत झाली; २००० च्या आक्टोबरांत तारेचें काम भारत संचार निगमाकडे गेलें. घरोघर टेलिफोन आणि पुढें हातोहातीं मोबाईल झाल्यावर तारघराच्या खिडकीशीं माणूस दिसेनासा झाला. काका निवृत्त झाले त्याच्या सहा वर्षांनीं तारच निवृत्त झाली. १४ जुलै २०१३ हा रविवार होता. मुद्दाम आदल्या दिवशीं साताऱ्याहून येऊन ते पुण्यास आमच्याकडे राहिले. त्या दिवशीं देशभर तारघरांतून लोकांनीं स्मरणार्थ तारा पाठविण्यासाठीं गर्दी केली होती. तींत तेही रांगेंत उभे राहिले. कोणास तार केली, तें त्यांनीं सांगितलें नाहीं. ते साताऱ्यास परत गेल्यावर ती आमच्याच पत्त्यावर आली. मजकूर इंग्रजी, शब्द पांच : 'ऑल वेल, डू नॉट स्टार्ट.' सर्व कुशल आहे, निघूं नये. जन्मभर लोकांना ताबडतोब निघावयास सांगणाऱ्या माणसानें स्वतःच्या पैशानें केलेली ही एकुलती एक थट्टा. ती आमच्या टेबलाच्या खणांत अजून आहे.

शहात्तराव्या वर्षींही ते रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जात. मधुमेह नाहीं, रक्तदाब नाहीं, कोणतें औषध नाहीं. 'भाऊकाका शंभरी गांठणार' हें घरांत गृहीतच होतें, आणि अशा गृहीतांचा कधीं कोणी हिशेब तपासीत नाहीं. रोज प्राणी यमसदनास जात असतां मागें राहिलेल्यांस आपण कायम राहूं असें वाटतें, याहून मोठें आश्चर्य कोणतें, असें धर्मराजानें यक्षास सांगितलें; त्या उत्तरांत थोडी भर घालण्यासारखी आहे. स्वतःच्या चिरंजीवपणाविषयीं मनुष्यास पन्नाशीनंतर थोडी शंका येऊं लागते. ज्याच्या आधारावर तो लहानाचा मोठा झाला, त्याच्या चिरंजीवपणाविषयीं मात्र येत नाहीं.

त्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास आम्ही कॉलेजांत होतों. आमच्या घरच्या मंडळींचा मोबाईलवर एक गट आहे; चाळीसएक माणसें त्यांत आहेत. त्यावर तीन शब्द उमटले : 'भाऊकाका आज गेले.' कोठें गेले, असा प्रश्न क्षणभर आमच्या मनांत आला. खालीं हात जोडल्याचीं चित्रें एकामागून एक उमटूं लागलीं तेव्हां अर्थ कळला. कोणाकडेही दोष नव्हता. ज्यानें लिहिलें तोही रडत रडतच लिहीत असेल. पण आम्ही जिन्यांत उभे होतों, आणि आमच्या दोहों बाजूंनीं मुलें हंसत खिदळत तासाला चाललीं होतीं.

तेवढ्यांत काकूंचा फोन आला. आवाज स्थिर होता. "तुला कळलं असेल. पोरगी वर्गावर आहे, तिचा मोबाईल बंद असतो. तो उघडायच्या आधीं तूं तिला सांग. पण जपून सांग."

काकांची एकुलती मुलगी नागपुरास एका शाळेंत शिकविते. तास केव्हां संपतो आणि ती मोबाईल केव्हां उघडते, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. चाळीस माणसांच्या सांत्वनाच्या आधीं आम्हांस तेथें पोहोंचावयाचें होतें. शाळेच्या कचेरीचा नंबर मिळवून मुख्याध्यापिकाबाईंना गांठलें. त्यांना वस्तुस्थिति सांगितली. तिला वर्गांतून बोलावून आणावें, खुर्चीवर बसवावें, आणि आमचें बोलणें होईपर्यंत तेथून हलूं नये, अशी विनंति केली. त्या अपरिचित बाईंनीं एकही प्रश्न न विचारतां तें सर्व केलें. चार पांच मिनिटें गेलीं असतील. मग तिचा आवाज आला.

आम्हीं विचारलें, "बसली आहेस का? जवळ कोण आहे?"

पलीकडे कांहीं वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "दादा, तूं पाणी मागतो आहेस."

आम्हीं "हो" म्हटलें. ती म्हणाली, "बाबा कीं आई?"

तारमास्तराच्या घरांत वाढलेल्या मुलीपुढें 'सीरियस' हा शब्द उच्चारण्यांत अर्थ नव्हता. जें होतें तें आम्हीं सांगितलें.

दुपारच्या विमानानें ती पुण्यास आली. लोहगांवच्या विमानतळावरून तिला घेऊन आम्ही मोटारीनें निघालों. पुण्याहून सातारा सुमारें एकशेंदहा किलोमीटर आहे. शहराची वर्दळ मागें पडेपर्यंत ती कांहीं बोलली नाहीं. आम्हींही बोलविलें नाहीं. खंबाटकीचा घाट चढतांना ती आपण होऊन बोलूं लागली. "लहानपणीं मी बाबांना विचारलं होतं, कीं तुम्ही तारेंत खोटं कां लिहितां? ते म्हणाले, 'वाट चालायला पाय लागतात. सगळं एकदम सांगितलं तर माणूस जाग्यावर बसतो. मग घरीं पोंचायचं कुणीं?'" थोड्या वेळानें ती म्हणाली, "मला तर सगळं एकदम कळलं, आणि तरी मी चाललें आहेच ना. सांगूं का, शब्द कुठला वापरला याला फारसं महत्त्व नसावं. आमच्या बाईंनीं माझा हात धरला होता. तुझा फोन संपला तरी सोडला नाहीं. पार विमानतळापर्यंत त्या आल्या."

घरीं पोहोंचलों तेव्हां सूर्य मावळला होता. ओट्यावर माणसें बसलेलीं होतीं. दाराशेजारीं काकांचा एक बूट होता. सकाळीं गडावरून उतरून ते नेहमींप्रमाणें ओट्यावर बसले, एक बूट काढला, आणि काकूंना हांक मारून म्हणाले, "पाणी आण ग." काकू भांडें घेऊन बाहेर आल्या तेव्हां दुसरा बूट पायांतच होता. काकूंनीं लेकीला जवळ घेतलें आणि हें सांगितलें. "पाणी मागितलं त्यांनीं," एवढेंच त्या पुन्हां पुन्हां म्हणत होत्या. त्यावर कोणास कांहीं सुचलें नाहीं.

रात्रींच संगम माहुलीस, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, अंत्यविधि झाला. अग्नि मुलीनेंच दिला.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं एक वृद्ध गृहस्थ आले. एके काळीं ते साताऱ्याच्या तारघरांत तार वाटण्याचें काम करीत. ऐंशी उलटलेली, हातांत काठी, बरोबर नातू. काकूंनीं त्यांनीं मागण्याआधींच पाणी पुढें केलें. तें पिऊन भांडें खालीं ठेवल्यावर त्यांनीं जें सांगितलें तें आम्हां कोणासच माहीत नव्हतें. सातारा जिल्हा हा फौजी जवानांचा. अपशिंग्यासारखें गांव तर 'मिलिटरी' हें उपपद लावूनच ओळखलें जातें. १९७१ च्या डिसेंबरांत युद्ध चालू असतां फौजेकडून ज्या तारा येत त्यांत 'सीरियस' ला जागा नव्हती. जें घडलें तें सरळ लिहिलेलें असे, आणि सरकारनें तें तसेंच लिहावयास हवें. शब्द बदलणें काकांच्या हातीं नव्हतें. म्हणून अशी तार आली कीं आपली पाळी संपल्यावर ते त्या शिपायाबरोबर दुसऱ्या सायकलीवर निघत. "साहेब म्हणायचे, ह्या घरीं दोघं जाऊं. एकानं तार द्यायची, एकानं बसायचं." एका खेड्यांत रात्र झाली म्हणून दोघेही त्या घरच्या ओट्यावरच निजले आणि पहाटे परतून काका थेट कामावर हजर झाले. खात्याच्या कोणत्याही वहींत याची नोंद असण्याचें कारण नाहीं. आपल्या मोजक्या बोलण्यांत काकांनीं घरींही ती कधीं केली नाहीं.

तो मनुष्य गेल्यावर आम्ही बराच वेळ त्याच ओट्यावर बसून होतों. आमचे वडील वारले ते दीर्घ दुखण्यानें. त्यांच्या मरणाची आम्हांस महिनोन्महिने तयारी करतां आली होती, आणि तरीही तें आलें तेव्हां ती तयारी उपयोगी पडली नव्हती. काकांच्या बाबतींत तयारीला एक मिनिटही मिळालें नाहीं. या दोन दुःखांत मोठें कोणतें, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं. अनपेक्षित मरणाचा खरा जाच असा, कीं तें मनुष्याला गांठतें तेव्हां तो दुसऱ्याच कामांत असतो. जिन्यांत उभा असतो, वर्गांत असतो, चुलीपुढें असतो, आणि एकटा असतो. शब्द मऊ करून हा आघात कमी होतो, अशी आमची पूर्वीं समजूत होती, व त्या समजुतीवरच आम्हीं काकांची बाजू वर्गांत मांडीत आलों. आतां वाटतें, काकांचा भर शब्दावर नव्हताच. ते त्या घटकेला कोणी एकटें राहूं नये याची खटपट करीत होते. जेथें शब्दानें तें साधे तेथें त्यांनीं शब्द वापरला. जेथें शब्द हातीं नव्हता तेथें ते स्वतः जाऊन बसले.

नव्या साधनांस नांवें ठेवण्याचा मोह या ठिकाणीं होतो, पण तो आवरला पाहिजे. त्या तीन शब्दांनीं चाळीस माणसांस एका क्षणांत कळलें म्हणूनच संध्याकाळपर्यंत कोल्हापूर, मुंबई, पुणें येथून मंडळी साताऱ्यास पोहोंचली. तारेच्या काळांत किती तरी मुलें राख सावडावयासच घरीं आलीं. त्यांना बापाचें तोंड दिसलें नाहीं. आमची बहीण नागपुराहून त्याच दिवशीं आली व तिला तें दिसलें. हा लाभ लहान नाहीं. उणें आहे तें इतकेंच, कीं बातमी आतां स्वतःच घरांत शिरते; तिच्याबरोबर ओट्यावर बसणारें कोणी येत नाहीं. तें माणूस पुरविण्याचें काम पूर्वीं खात्यानेंही केलेलें नव्हतें. तें भाऊकाकांसारख्यांनीं आपल्या पदरचें केलें होतें, आणि नागपुरच्या त्या मुख्याध्यापिकाबाईंनीं, काकांचें नांवही ऐकलेलें नसतांना, तें तसेंच केलें.

वर्षश्राद्धाच्या दिवशीं काकूंनीं आम्हांस विचारलें, कीं ती शेवटची तार तुझ्याकडे आहे ना? आम्हीं आहे म्हटलें. "असूं दे," त्या म्हणाल्या. मग त्या पाणी घेऊन ओट्यावर गेल्या. शेजारच्या आळींतील एक बाई आदल्या आठवड्यांतच विधवा झाली होती. तिच्या घरीं जावयाचें होतें, आणि बरोबर येणाऱ्या दोघीतिघी उन्हांतून चालत येऊन तेथें बसल्या होत्या. तार बंद झाली, त्याला आतां बरींच वर्षें झालीं. पण दुसऱ्याच्या दारीं जाऊन बसण्यास कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाहीं.